स्पॅनिश क्रियापदांचा आघात शेवटी कसा जमला (माझा अनुभव)

क्रियापदांचे तक्ते पाठ होते पण बोलताना आघात भलतीकडेच पडायचा, आणि तिथे आघात हलला की अर्थच बदलतो ना राव, आब्लो मध्ये जोर 'आ'वर दिला तर 'मी बोलतो' आणि 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'.

मग मी एकच केलं, आधी शब्द सिलॅबलमध्ये, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांत तोडायचा आणि मग मागून मोजायचं. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर, नाहीतर शेवटच्यावर. हा नियम मोडत असेल तर स्वरावर तिरकी रेघ म्हणजे टिल्दे. आ-ब्ला-मोस मध्ये रेघ नाही, आ-ब्ला-बा-मोस मध्ये 'ब्ला'वर आहे. तोडताना आपली जोडाक्षरं फार कामी येतात, 'ब्ल' एकत्रच राहतं, आब-लो असं तोडायचं नाही.

खरी गोची स्वरांची. काम्बिओ (मी बदलतो) मध्ये 'इओ' एकच सिलॅबल, काम-बिओ, जोर 'काम'वर, पण एन-बी-ओ (मी पाठवतो) मध्ये 'ई'वर टिल्दे असल्याने स्वर फुटतात आणि तीन सिलॅबल होतात. को-मी-आ चंही तसंच.

बोनस म्हणजे पिएन्सो (मी विचार करतो) पण पेन्सामोस (आम्ही विचार करतो) असं का ते पण कळलं, अशा क्रियापदांत आघात मुळावर असला की 'ए'चा 'इए' होतो, नसला की नाही!

आणि हो, जुन्या पुस्तकात 'रिओ' (तो हसला) वर टिल्दे दिसेल, 2010 च्या नियमांनी ती काढलीये, गोंधळू नका.