बेकारी भत्ता चालू असताना जर्मनीहून भारतात जाताय? आधी हे उरकून घ्या

तिकीट बघण्याआधी दिवस मोजा. 'आर्बाइट्सलोझेनगेल्ड' म्हणजे बेकारी भत्ता चालू ठेवून गावाला जायला कॅलेंडर वर्षात तीन आठवडे, म्हणजे 21 दिवस मिळतात; तेही 'आगेंटुअर फ्युअर आर्बाइट' या सरकारी रोजगार एजन्सीने आधी मंजूर केले तरच. शनिवार-रविवार त्यातच धरायचे, नोकरीतल्या रजेचा हिशोब इथे लावू नका. 2026 चे गणपती 14 सप्टेंबरला बसतात. 7 तारखेला, सोमवारी निघालात तर एकविसावा दिवस रविवार, 27 तारीख. मुंबईहून परतीची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि घोळ होतो तो इथेच: 27 च्या रात्री घर सोडलं तर तिकिटावर 28 तारीख असते. म्हणजे घर 26 च्या रात्रीच सोडायला हवं.

नोकरी जाऊन तीन महिने झालेत का, तेही बघा. पहिल्या तीन महिन्यांत सबळ कारणाशिवाय सहसा मंजुरी देत नाहीत. घरी कुणी आजारी असेल तर डॉक्टरांचा कागद अर्जासोबत द्या.

अर्ज 'ओर्ट्सआबवेझेनहाइट' (गावाबाहेर असणं) या नावाने करायचा, साधारण आठवडाभर आधी, ऑनलाइन किंवा फोनवर. तिकीट मात्र चार महिने आधी घेतलेलं असतं, आणि तिकीट काढलंय हे काही मंजुरीचं कारण होत नाही. त्यात मुलाखत किंवा प्रशिक्षण ठरलं तर नकारही येतो. त्यामुळे चार पैसे जास्त गेले तरी तारीख बदलता येणारंच तिकीट घ्यावं. फोनवर नुसतं 'हो' म्हणाले तर त्यावर विसंबू नका, लेखी उत्तर मागून घ्या.

जास्त राहायचं असेल तर एकूण सहा आठवड्यांपर्यंत पहिल्या तीन आठवड्यांचेच पैसे मिळतात. बेत मुळातच सहा आठवड्यांहून मोठा असेल तर पहिल्या दिवसापासून काहीच नाही. भत्ता थांबेल त्या दिवसांत आरोग्य विम्याचं काय, हे क्रांकेनकासेला, म्हणजे तुमच्या आरोग्य विमा संस्थेला, लेखी विचारून ठेवा. त्यांचा विमा भारतातल्या दवाखान्याचं बिल भरत नाही, तेव्हा प्रवास विमा वेगळा काढावाच लागतो.

न सांगता जाणं महागात पडतं. त्या दिवसांचा भत्ता परत मागतात, एजन्सीने भरलेले विम्याचे हप्तेही वसूल होऊ शकतात. एजन्सीकडून भेटीचं बोलावणं पत्रपेटीत पडून राहिलं आणि भेट चुकली, तर आणखी आठवडाभराचा भत्ता बंद. आधीच ठरलेली भेट असेल तर निघण्यापूर्वी तारीख बदलून घ्या.

निवास परवान्याची मुदत परतीच्या तारखेपुढे आहे ना, बघा. नोकरी गेल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला कळवलेलं असलं पाहिजे, त्यासाठी दोन आठवडेच असतात. एजन्सीला सांगितलं म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही. परतल्यावर हजेरी कशी द्यायची ते मंजुरीच्या पत्रातच वाचा, आणि दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास जपून ठेवा.