‘मी स्वतः टीव्हीवर पाहिलंय’ म्हणणाऱ्याला काय विचारावं

आमच्या सोसायटीची स्मरणिका निघणार होती आणि जुन्या आठवणी गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलाच कागद तळमजल्यावरच्या माझ्या मामाचा. ‘१८ जून १९८३. कपिलच्या १७५ धावा आम्ही चाळीत बसून टीव्हीवर पाहिल्या.’ टीव्ही कोणाचा, अँटेना फिरवायला कौलांवर कोण चढलं, सगळं तपशीलवार.

पंचाईत एवढीच की विश्वचषकातला तो सामना इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला झाला, आणि त्या मैदानावर टीव्हीचा कॅमेराच नव्हता. झिम्बाब्वेविरुद्ध १७ धावांत पाच गडी गेल्यावर कपिल देव नाबाद १७५ पर्यंत पोहोचला, त्याचं चित्रीकरण कुठेच नाही. मामा खोटारडा नव्हे. आणखी तिघांनीही हेच लिहून दिलं होतं.

अशा आठवणी तपासायच्या तर सगळ्यात आधी आपली जीभ आवरा. ‘तो सामना टीव्हीवर पाहिलात ना?’ असं विचारलंत की समोरच्याच्या हातात चित्र तुम्हीच ठेवलंत. ४ ऑक्टोबर १९९२ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान राहत्या इमारतींवर कोसळलं. धडकेचा क्षण कोणत्याही कॅमेऱ्यात आला नव्हता. पुढे डच मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाची फिल्म तुम्ही टीव्हीवर पाहिलीत का? निम्म्याहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. बातम्यांत नंतरची आग पाहिलेली, विमान कसं पडलं ते ऐकलेलं. मधला तुकडा मनानं भरून काढला. म्हणून मी आता फक्त एवढंच विचारते: ‘तुम्हाला हे पहिल्यांदा कसं कळलं?’ आणि मग गप्प बसते. गप्प बसणं मला फार जड जातं, ते सोडा.

प्रत्येकाला एकेकटं गाठा. मामा लगेच म्हणाला, ‘शेजारच्या काकांना विचार, तेही होते.’ पण हे दोघं चाळीस वर्षं दर गणपतीत हीच गोष्ट एकमेकांना सांगत आलेत. काकांचं ‘हो’ ही दुसरी साक्ष धरू नका, तो मामाचाच प्रतिध्वनी.

आणि तपशील भरपूर आहेत म्हणून भुलू नका. तपशील खरेच असतात, फक्त दुसऱ्या दिवसाचे. मामाला मी त्या दिवशीचं डोळ्यांसमोर येणारं एक दृश्य सांगायला लावलं. तो म्हणाला, ‘कपिल पाठमोरा धावत जातो आणि झेल घेतो.’ अहो, तो वेस्ट इंडीजच्या रिचर्ड्सचा झेल! तो २५ जूनचा, लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यातला. कॅलेंडर काढलं तर १८ आणि २५, दोन्ही शनिवार. चाळ, चहा, अँटेना सगळं खरं, फक्त आठवडाभर मागे सरकलेलं. त्यात १७५ चे वर्तमानपत्रातले फोटो मिसळले, आणि २०२१ च्या ‘८३’ या सिनेमात ती खेळी नव्यानं उभी केली तीही. मन चित्र जपून ठेवतं, पण ते कुठून आलं याची चिठ्ठी हरवतं. सगळ्यांकडे सामान तेच, म्हणून चूकही सगळ्यांची सारखीच.

शेवटी त्या तारखेचा छापील कागद बघा. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मिळाले तर उत्तम. नंतरचे वर्धापनदिनाचे लेख उपयोगाचे नाहीत. त्यांतही मामासारखेच लोक लिहितात.

आता नाजूक भाग. चारचौघांत ‘तुम्ही चुकलात’ म्हणू नका. मी मामाला दुपारी एकटा गाठून कॅलेंडर दाखवलं. बराच वेळ बघत बसला. मग पेन मागून घेतलं, ‘पाहिल्या’ खोडून ‘ऐकल्या’ लिहिलं आणि म्हणाला, ‘काकांना तू सांग. मी नाही सांगणार.’