हायब्रिड गाडीची बारा व्होल्टची बॅटरी वारंवार उतरत असेल तर

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, आणि गाडी दाखवताना विक्रेते जिचे व जिच्या आठ वर्षांच्या हमीचे कौतुक करतात, ती मोठी बॅटरी सहसा त्रास देत नाही. त्रास देते ती दुसरी, साध्या गाडीत असते तशीच दिसणारी, १२ व्होल्टची. आमच्या गाडीची ही बॅटरी नऊ महिन्यांत तीनदा उतरली. दुसऱ्या खेपेला गॅरेजमध्ये ‘बॅटरी गेली’ असे सांगून नवी बसवण्यात आली, आणि आम्ही पाच दिवस रेल्वेने बाहेरगावी गेलो असताना ती नवी बॅटरीही सहा आठवड्यांच्या आत बसली. तेव्हा कुठे ध्यानात आले की प्रश्न बॅटरीच्या दर्जाचा नसून जमाखर्चाचा आहे. रोज किती वीज भरली जाते आणि गाडी उभी असताना किती निघून जाते, हा हिशेब आम्ही मांडलेलाच नव्हता. हळदीच्या व्यापारावर वाढलेल्या सांगलीत राहून एवढे सुचू नये, याची थोडी लाजही वाटली.

पुढील माहिती इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड आवृत्ती, सिटी ई:एचईव्ही यांसारख्या गाड्यांसाठी आहे. ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून विकल्या गेलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या छोट्या जनरेटरच्या गाड्यांची रचना निराळी असते.

ही बॅटरी करते काय

साध्या गाडीत बॅटरी थकली की सेल्फ जड फिरू लागतो, आणि त्या आवाजावरून मालकाला दोन-चार दिवस आधी सूचना मिळते. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते, त्यामुळे तो ओळखीचा आवाज कधी येतच नाही आणि गाडी काल संध्याकाळपर्यंत उत्तम, आज सकाळी मृतवत, असे घडते. छोट्या बॅटरीकडे दारांची कुलपे, गाडीतील संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढण्याचे काम असते. हे रिले ओढले गेले नाहीत तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’, म्हणजे चालण्यास तयार, होत नाही. विहीर तुडुंब भरलेली, पण पंपाचा स्टार्टर ओढायला वीज नाही, तशी ही अवस्था असते. अशा गाडीला धक्का मारून काहीही उपयोग होत नाही, हे मदतीला धावलेल्या शेजाऱ्यांना आधीच सांगितलेले बरे.

दुसरी गोष्ट भरण्याची. या गाड्यांत अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतील वीज कन्व्हर्टरमार्फत उतरवून छोट्या बॅटरीत भरली जाते, आणि हा कन्व्हर्टर ‘रेडी’ दिवा लागलेला असतानाच काम करतो. ब्रेक न दाबता बटण एकदा किंवा दोनदा दाबले तर पडदा उजळतो, गाणी लागतात, पण त्या वेळी सर्व वीज छोट्या बॅटरीतून जात असते आणि परत काहीही येत नसते. रुग्णालयाबाहेर गाडीत बसून वाट पाहायची असेल तर गाडी पी मध्ये ठेवून पूर्ण ‘रेडी’ करून बसावे. न्यूट्रलमध्ये ठेवू नये, कारण अनेक हायब्रिड गाड्यांत न्यूट्रलमध्ये इंजिन मोठी बॅटरी भरत नाही.

गाडी बंद पडलेली असताना

किल्लीच्या बटणाने दार उघडत नसेल तर किल्लीच्या पोटात लपवलेली धातूची किल्ली काढून चालकाचे दार उघडावे. बॅटरी डिक्कीत असलेल्या गाड्यांत डिक्कीचे कुलूपही विजेवर चालते, म्हणजे ज्या बॅटरीपर्यंत पोहोचायचे तिच्याशिवाय झाकण उघडत नाही, असा पेच पडतो. अशा बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली, फ्यूजच्या पेटीत, लाल झाकणाखाली जंप देण्यासाठी, म्हणजे बाहेरून वीज जोडून गाडी जागी करण्यासाठी, वेगळे टर्मिनल दिलेले असते. त्याची जागा पुस्तिकेत पाहून आजच ठरवून ठेवावी, कारण पावसात मोबाइलच्या उजेडात ती शोधणे फार कठीण जाते.

हायब्रिडला जंप देण्यासाठी साध्या गाडीइतका मोठा विद्युतप्रवाह लागत नाही. केवळ संगणक जागे करून रिले ओढायचे असतात, त्यामुळे हातात मावणारा १२ व्होल्टचा बूस्टर, म्हणजे चिमट्यांची छोटी फिरती बॅटरी, पुरतो. आधी लाल चिमटा गाडीच्या धन टोकाला लावावा, मग दुसरे लाल टोक बूस्टरला, त्यानंतर काळे टोक बूस्टरला, आणि शेवटी काळा चिमटा बॅटरीपासून थोडे दूर, रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावावा. धन-ऋणाची अदलाबदल झाली तर मुख्य फ्यूज उडणे हे सर्वांत स्वस्तातले नुकसान समजावे. रस्त्यात अडकल्यास ट्रकवाल्याची मदत घेण्याचा मोह होतो, परंतु अनेक मोठ्या ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि ती जोडल्यास गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. उलट बाजूने, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची डिझेल गाडी सुरू करून देण्याचे औदार्यही टाळावे. सेल्फचा भार सोसण्यासाठी ही छोटी बॅटरी आणि तिचा कन्व्हर्टर बनवलेला नसतो.

ब्रेक दाबून बटण दाबल्यावर ‘रेडी’ दिवा लागला की चिमटे उलट क्रमाने काढावेत आणि किमान तासभर गाडी चालवावी किंवा मोकळ्या जागेत पी मध्ये ‘रेडी’ ठेवावी. बंद पार्किंगमध्ये हे करू नये, कारण इंजिन आपोआप सुरू होते आणि त्याचा धूर विषारी असतो.

दोन इशारे येथेच नोंदवतो. नारिंगी रंगाच्या केबल मोठ्या बॅटरीच्या असतात आणि त्यांतील व्होल्टेज शंभर-दोनशे किंवा त्याहूनही अधिक असते. त्यांना घरच्या घरी हात लावण्याचे काही कारण नाही. आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी, तशा कितीतरी सांगलीने २०१९ मध्ये पाहिल्या, जंप देऊन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ती उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी.

हिशेब

बंद गाडीही थोडी वीज खातच असते, कारण कुलपे, अलार्म आणि किल्ली ओळखणारी यंत्रणा जागी असते. २० ते ५० मिलिअँपिअर इतका हा प्रवाह सर्वसाधारण मानला जातो. ३० धरला तर दिवसाला ०.७ अँपिअर-अवर (बॅटरीतील विजेच्या साठ्याचे माप), म्हणजे ४५ अँपिअर-अवरच्या निरोगी बॅटरीतून महिन्याला साधारण अर्धी वीज निघून जाते. हाच प्रवाह ३०० झाला तर दिवसाला ७ अँपिअर-अवरहून अधिक वीज जाते आणि पाच-सहा दिवसांत बॅटरी जवळजवळ रिकामी होते. आमच्या घरी नेमके हेच घडत होते.

जमेच्या बाजूला आणखी एक फसवणूक आहे. शिसे-आम्लाची बॅटरी सुरुवातीला वीज भराभर घेते, पण शेवटचा पाव हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. विश्रामबागेहून मिरजेला जाऊन येणे, मध्ये भाजी, संध्याकाळी एखादा फेरा, अशा दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत बॅटरी पूर्ण भरत नाही, आणि प्रत्येक वेळी दारे उघडताना, यंत्रणा जागी होताना खर्च मात्र होतो. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची घटते. म्हणून एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी दुसऱ्यांदा लवकर उतरते, तिसऱ्यांदा त्याहून लवकर. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारे आपल्याकडचे ऊन ही झीज आणखी वाढवते.

मोजणी सोपी आहे आणि साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी मोजावी. १२.६ किंवा अधिक व्होल्ट असतील तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर आज ना उद्या गाडी अडणार. त्यानंतर गाडी ‘रेडी’ करून पुन्हा मोजावे. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो १२ च्या आसपासच राहिला तर भरण्याची यंत्रणाच बिघडलेली आहे आणि पुढचे काम सर्व्हिस सेंटरचे आहे. आठवडाभर रोज सकाळचा आकडा वहीत लिहून ठेवावा. एकट्या आकड्यापेक्षा त्याची घसरण अधिक बोलते, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ‘सर, गाडी नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून परत येण्याची वेळ या वहीमुळे बहुधा येत नाही.

गळती शोधणे

रात्रीत ०.१ ते ०.२ व्होल्टहून अधिक घसरण सातत्याने दिसत असेल तर गळती शोधावी. प्रथम बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे पाहावे, कारण दोष बहुधा तेथेच सापडतो: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचून विसरलेले निदानयंत्र, बाहेरच्या दुकानात बसवलेला ॲम्प्लिफायर. आमचा डॅशकॅम गाडी उभी असतानाही चित्रीकरण करत होता, कारण त्याची वायर नेहमी जिवंत असणाऱ्या फ्यूजवर जोडलेली होती; बसवणाऱ्याला ते सोयीचे वाटले असावे. तो गाडी बंद होताच बंद पडणाऱ्या फ्यूजवर घेतल्यावर गळती २९० वरून २५ मिलिअँपिअरवर आली. उभ्या गाडीचे चित्रीकरण हवेच असेल तर ठरावीक व्होल्टेजला कॅमेरा तोडणारी जोडणी घ्यावी आणि ती १२.४ च्या आसपास लावावी. ११.६ किंवा ११.८ वर तोडणारी जोडणी कॅमेऱ्याच्या सोयीची असते, बॅटरीच्या नव्हे.

यातून काही सापडले नाही तर गळती मोजावी लागते. ऋण टोकाची केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या श्रेणीवर जोडण्याची रीत सर्वांना ठाऊक असते, पण त्यात दोन चुका हमखास होतात. पहिली, केबल सुटताच सर्व यंत्रणा पुन्हा जागी होते आणि पहिले आकडे भलतेच मोठे येतात. दारे बंद करून, किल्ली दूर नेऊन, अर्धा ते एक तास गाडी झोपू द्यावी आणि मगच आकडा वाचावा. दुसरी, मीटर जोडलेला असताना कुणीतरी दार उघडते किंवा बटण दाबते आणि मीटरचा फ्यूज उडतो. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी प्रवाह मोजणारा आहे याची खात्री करावी. स्वस्त क्लॅम्प बहुधा केवळ एसी मोजतात.

मला त्याहून पसंत असलेली रीत म्हणजे फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरील दोन उघड्या बिंदूंमध्ये मिलिव्होल्ट मोजणे. झोपलेल्या गाडीत ज्या फ्यूजवर शून्याहून स्पष्ट वेगळा आकडा दिसतो, त्या वाटेने वीज जात आहे. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजमधून १०० मिलिअँपिअर वाहत असतील तर सुमारे पाऊण मिलिव्होल्ट दिसतो. यात काहीही तोडावे लागत नाही, म्हणून गाडीची झोपही मोडत नाही.

एक गळती मात्र मीटरवर सहज पकडली जात नाही, आणि ती म्हणजे किल्ली. पोर्चमध्ये गाडी आणि भिंतीच्या पलीकडे खिळ्याला टांगलेली किल्ली असेल तर दोघी रात्रभर एकमेकींची विचारपूस करत राहू शकतात. किल्ली गाडीपासून काही मीटर दूर, आतल्या खोलीत ठेवावी. टोयोटाच्या अनेक किल्ल्यांत लॉकचे बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबले की किल्ली स्वस्थ झोपते; पुस्तिकेत ही सोय दिली आहे का ते पाहावे.

सवय आणि चार्जर

छोट्या फेऱ्यांचीच गाडी असेल तर आठवड्यातून एकदा सलग तासभर चालवावी. कोल्हापूरला एकदा जाऊन येणे हे रोजच्या दहा फेऱ्यांपेक्षा बॅटरीला अधिक मानवते. ते जमत नसेल, किंवा मुले परदेशी असल्यामुळे आई-वडील गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवत असतील, तर व्होल्टेजप्रमाणे स्वतः थांबणारा स्मार्ट चार्जर घ्यावा आणि पंधरवड्याला एक रात्र लावावा. बॅटरीच्या दुकानात ‘चार्जिंगला’ टाकायची असल्यास ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी सांगावे. अनेक हायब्रिडमध्ये एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली बंदिस्त बॅटरी असते. तिला जास्त प्रवाहाने घाईत चार्ज केले तर ती फुगते किंवा सुकते, आणि तिच्यात पाणी घालता येत नाही. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे चार-साडेचार अँपिअरचा संथ प्रवाह मागावा, दुकानदाराने उद्या या म्हटले तरी चालेल.

हे सर्व करूनही पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दोन दिवसांत १२.२ च्या खाली येत असेल, गळती मात्र ५० मिलिअँपिअरच्या आत असेल, तर बॅटरी खरोखर संपली आहे आणि आता बदलण्याचा खर्च सार्थ ठरेल. नवी घेताना तोच आकार, तीच टर्मिनलची बाजू आणि तोच प्रकार घ्यावा. बॅटरी प्रवासी कक्षात किंवा डिक्कीत असेल तर तिच्या बाजूला वायू बाहेर नेणारी एक बारीक नळी असते. स्वस्तातली, नळीची सोय नसलेली बॅटरी तेथे बसवू देऊ नये, आणि बसवून झाल्यावर ती नळी जोडली आहे का हे स्वतः वाकून पाहावे. बदलानंतर काचांची एका दाबात वर जाण्याची सोय व घड्याळ पुन्हा लावून घ्यावे लागते. बूस्टर मात्र डिक्कीत ठेवू नये; तो पुढच्या सीटखाली किंवा घरात, दर तीन महिन्यांनी चार्ज केलेला असावा.