उत्तरतालिका उघडण्याआधी

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचे सराव पेपर मी ढिगाने सोडवले, तरी गुण २००पैकी ९०च्या आसपासच घुटमळायचे. पेपर झाला की उत्तरतालिका लावायची, चुकलेल्यांवर लाल गोळे करायचे, ‘सिली मिस्टेक’ म्हणायचं आणि चहाला सुटायचं. आमच्या अभ्यासिकेत अजूनही बरेच जण हेच करतात.

आता मी प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलने एक अक्षर लिहिते. खात्री असेल तर ‘प’ (पक्कं), दोन पर्यायांत अडकले तर ‘अ’, तुक्का असेल तर ‘तु’. हे पेपर चालू असतानाच लिहायचं. उत्तर बघितल्यावर सगळ्यांनाच ‘हे येत होतं की मला’ असं वाटतं.

पहिल्या खेपेला १०० पैकी ९० प्रश्न सोडवले होते. ‘प’ ४६, त्यातले ३३ बरोबर. ‘अ’ ३१, बरोबर १७. ‘तु’ १३, बरोबर ४. एका प्रश्नाला दोन गुण, आणि चुकलं की त्यांचा पाव भाग, म्हणजे अर्धा गुण, कापला जातो. ५४ बरोबर उत्तरांचे १०८ गुण, त्यातून ३६ चुकांचे १८ गेले आणि हाती ९० उरले. तुक्क्यांमुळे मार खाते असा माझा समज होता. खरं भोक ‘प’ला होतं: खात्री असूनही चुकलेले तेरा प्रश्न!

आधी हे तेरा घ्या. राज्यातलं दुसरं उंच शिखर मी डोळे झाकून महाबळेश्वर लिहिलं होतं. ते १,४३८ मीटर, साल्हेर १,५६७. मालमत्तेचा मूलभूत हक्क ४२व्या घटनादुरुस्तीने गेला असंही ठोकून दिलं. तो १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने गेला. ४२वी इतकी गाजलेली, की काहीही तिच्या खात्यावर टाकलं जातं.

ठाम चूक उघडी पडली की धक्का बसतो आणि बरोबर उत्तर जास्त चांगलं डोक्यात बसतं. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी २००१मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. पण धक्का ओसरला की जुनं उत्तर पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून वहीत डाव्या पानावर आपलं चुकीचं उत्तर आणि ते का वाटलं हे लिहा, उजव्या पानावर बरोबर उत्तर. आठ दिवसांनी उजवं पान झाकून स्वतःला विचारा. ‘उत्तरतालिकाच चुकलीय’ असं वाटलं तर भांडण्याआधी पुस्तक उघडा. तालिकाही कधीकधी चुकते. आयोगसुद्धा पहिल्या तालिकेवर हरकती मागवतो. पण मी भांडले त्यातल्या बहुतेक वेळा चूक माझीच निघाली.

मग बरोबर आलेले ‘तु’ आणि ‘अ’. यांच्यावर लाल गोळा नसतो, त्यामुळे ते वाचायचे राहून जातात. त्यांचंही स्पष्टीकरण वाचा, नाहीतर पुढच्या पेपरात तोच प्रश्न पुन्हा तुक्क्यावर.

माझ्या रूममेटचं उलटं होतं. ती ‘प’ लिहायलाच घाबरायची, तीस-तीस प्रश्न कोरे सोडायची. तिचे ‘अ’ मोजले तर बहुतेक बरोबर! तिला नवीन पुस्तकाची गरज नव्हती. चारांतले दोन पर्याय कटले की उरलेल्या दोघांपैकी एकावर खूण करायची, एवढंच तिला सांगितलं. चुकीला प्रश्नाच्या गुणांचा पाव भागच कापला जात असेल तर त्यात एकूणात नुकसान नाही.

साल्हेर मला आठव्या दिवशी आलं. ४४वी मात्र दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा शेजारी ‘प’ होता.