वॉटर पंप गळतोय का? एक पुठ्ठा लावा कामाला

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर आठवड्याला कमी होतंय, पण गळती कुठेच दिसत नाही? गरम इंजिनावर थेंब पडताच वाळून जातो, म्हणून ती सापडत नाही.

१. रात्री गाडी लावल्यावर इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवा. पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने आखा. सकाळी डाग इंजिनाच्या बेल्ट असलेल्या बाजूला दिसला, तर पहिला संशय वॉटर पंपावर, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या पंपावर.

२. इंजिन थंड असतानाच टॉर्च घेऊन पंपाच्या पुलीमागे, खालच्या अंगाला पाहा. तिथे एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथूनच झिरपतं. ओल नसली तरी पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली पुरेशी आहे. माझा सर्वांत जास्त भरवसा याच खुणेवर.

३. बेल्ट काढून पुली हाताने हलवा. डगडगली किंवा फिरवताना खरखरली, तर बेअरिंग गेलं.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा बेल्ट) चालत असेल, तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वेळी बदलून घ्या. उघडझाप तीच, मजुरी दुसऱ्यांदा कशाला? पंपाच्या जोडातल्या जुन्या गॅस्केटचा (गळती अडवणारी पातळ पट्टी) कण न कण खरवडून काढा, नाहीतर नवा पंपही गळेल. कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचंच भरा आणि आतली हवा नीट काढा.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.