विक्री वाढली, पण पैसा कुठे आहे? कंपनीचे आकडे वाचताना या चुका टाळा

वार्षिक अहवाल हातात आला की बहुतेक जण तीन गोष्टी बघतात: विक्री किती वाढली, नफा किती वाढला आणि अध्यक्षांचा फोटो कसा आलाय. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. एका कंपनीची विक्री ओळीनं तीन वर्षं तीस टक्क्यांच्या वर वाढलेली पाहून शेअर घेतले. चौथ्या वर्षी 'बुडीत येण्यांसाठी तरतूद' या एका ओळीनं सगळा नफा गिळला. येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, विक्रीच्या दुप्पट वेगानं वाढत होती आणि तो आकडा दरवर्षी व्यवस्थित छापलेला होता. मी त्या पानापर्यंत गेलोच नव्हतो.

नफा म्हणजे हातात आलेला पैसा, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे जरा थांबू. भोसरीत सुटे भाग बनवणारं एखादं वर्कशॉप डोळ्यासमोर आणा. आकडे हिशेबापुरते घेतलेत. गेल्या वर्षी उलाढाल 2 कोटी होती, यंदा 3 कोटी. नफा 20 लाखांवरून 30 लाखांवर गेला. मालक पेढे वाटेल!

आता ताळेबंद उघडा. येणी 33 लाखांवरून 90 लाखांवर गेलीत. म्हणजे आधी माल दिल्यावर साठ दिवसांत पैसे यायचे, आता एकशेदहा दिवस लागताहेत. गोदामातला माल 25 लाखांचा 40 लाख झाला. आपण ज्यांचं देणं लागतो ती रक्कम 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली, तेवढाच काय तो दिलासा. बेरीज-वजाबाकी करा: 57 अधिक 15 वजा 10, म्हणजे 62 लाख रुपये धंद्यातच अडकले. नफा 30 लाख, त्यात 6 लाख घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी फक्त कागदावर धरलेला खर्च) परत मिळवला तर 36 लाख. छत्तीसातून बासष्ट गेले की उरतात उणे 26 लाख. पेढे ओव्हरड्राफ्टमधून आलेत. वर जीएसटी बिल फाडल्यावर भरायचा असतो, गिऱ्हाइकानं पैसे दिले असोत वा नसोत.

मोठ्या कंपनीत हेच गणित कॅश फ्लो स्टेटमेंटच्या, म्हणजे रोख कुठून आली आणि कुठे गेली ते सांगणाऱ्या पत्रकाच्या, पहिल्या भागात तयार मिळतं. एखाद्या वर्षी तिथला आकडा नफ्यापेक्षा कमी आला तर बिघडत नाही. मोठी ऑर्डर मार्चमध्ये गेली असेल. पण पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि पाच वर्षांत धंद्यातून आलेल्या रोखीची बेरीज शेजारी मांडा. दुसरी बेरीज पहिल्याच्या निम्मीही नसेल, तर ताळेबंदामागे जोडलेल्या टिपांमधल्या येण्यांच्या टिपेवर थेट जा. 2021-22 पासून कंपन्यांना येण्यांचं वय दाखवावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षभर, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, तीनच्या पुढची, वादातली आणि बिनवादाची वेगळी. तीन वर्षांपुढच्या रकान्यात रक्कम फुगत चालली असेल आणि तरतूद मात्र जागच्या जागी असेल, तर यंदाचा नफा पुढच्या कुणाच्या तरी डोक्यावर ढकललाय असं समजा. महत्त्वाची गुणोत्तरंही 2021-22 पासूनच छापावी लागतात आणि त्यात 25 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारण द्यावं लागतं. ती कारणं जरूर वाचा. 'व्यवसायातील वाढीमुळे' एवढंच लिहिलं असेल तर ते कारणच नव्हे.

वाढ कशाच्या जोरावर झाली, हे न विचारणं

पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण हडपसरचा तो कॅम्पस आपल्यापैकी अनेकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. 2005 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. 2006 मध्ये तिनं बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्सवाली कंपनी घेतली, 2007 मध्ये जर्मनीच्या रीपॉवरवर ताबा मिळवला. एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून, विक्री झपाट्यानं वाढली. पण ही वाढ बरीचशी विकत घेतलेली होती, तीही कर्जानं, आणि त्यातला मोठा वाटा परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांचा. शेअर वर राहिला तर रोखेधारक शेअर घेणार, नाहीतर डॉलर परत मागणार, असा तो करार. मग 2008 ची मंदी आली, पात्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या, शेअर कोसळला. 2007 अखेरीस चाळिशीच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबर 2012 मध्ये 52-53 रुपयांवर होता. त्याच महिन्यात सुमारे 20 कोटी 90 लाख डॉलरची रोख्यांची परतफेड चुकली. पुढे 2015 मध्ये तीच जर्मन रीपॉवर, तेव्हाचं नाव सेनव्हियॉन, सुमारे 100 कोटी युरोंना विकावी लागली.

यातून हिशेब वाचणाऱ्यानं काय बघायचं? एकत्रित आणि स्वतंत्र असे दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवायचे. उपकंपनीच्या खात्यातला पैसा एकत्रित आकड्यांत आपलाच दिसतो, पण तिथे दुसरे भागधारक आणि तिचे स्वतःचे सावकार बसलेले असतात. मूळ कंपनीला हप्ता भरायला तो हवा तेव्हा उचलता येतोच असं नाही. कर्ज कुणाच्या नावावर आहे, कोणत्या चलनात आहे आणि कोणत्या साली फेडायचंय, या तीन प्रश्नांची उत्तरं टिपांमध्ये असतात.

बँकेतली शिल्लक खोटी असूच शकत नाही, असं समजणं

'रोख बघा' असं मी वर सांगितलं खरं, पण हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीनं तीच खोटी दाखवली होती. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं, की 30 सप्टेंबर 2008 च्या ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी मुळात नव्हतेच. त्याच तिमाहीचा कामकाजातला नफा 649 कोटी दाखवला होता. खरा होता 61 कोटी. आणखी 376 कोटी 'येणं असलेलं व्याज' होतं, तेही काल्पनिक.

त्या व्याजाच्या ओळीतच आपल्यासाठी एक सोपी तपासणी आहे. इतर उत्पन्नातलं व्याज घ्या आणि वर्षभराच्या सरासरी ठेवींनी भागा. बँका सहा-सात टक्के देत असताना कंपनीला अडीच टक्केच मिळत असतील, तर एकतर ठेवी वर्षभर तिथे नव्हत्या, फक्त 31 मार्चला आणून ठेवल्या होत्या, किंवा भलतंच काही आहे. व्याज पुरेसं दिसतंय पण प्रत्यक्ष मिळत नाही, 'येणं' म्हणून साचत चाललंय, तर तेही तितकंच वाईट. शिवाय हाताशी ढीगभर रोख असलेली कंपनी दहा टक्क्यांनी कर्ज का काढते, हेही विचारा.

31 मार्चच्या फोटोवर विसंबणं

साखर कारखान्याचा मार्चअखेरचा ताळेबंद पाहून घाबरणारे भेटतात. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं, साखर मात्र वर्षभर, केंद्राच्या मासिक कोट्यानुसार विकली जाते. मार्चला गोदाम भरलेलं आणि मालतारण कर्ज टिपेला असणारच. त्याची तुलना मागच्या मार्चशी आणि सप्टेंबरच्या सहामाही आकड्यांशी करा, डिसेंबरशी नको.

तारखेचा दुसरा घोळ 2019-20 चा. 1 एप्रिल 2019 पासून भाडेपट्ट्यांचा नवा लेखा नियम लागू झाला आणि दुकानांची भाडी खर्चातून उठून घसारा आणि व्याजात जाऊन बसली. भाड्याच्या जागेवर धंदा करणाऱ्यांचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, एका रात्रीत वधारला, धंद्यात कवडीचा फरक न पडता. दहा वर्षांचा आलेख काढणारे अजूनही ही पायरी 'कार्यक्षमता' म्हणून दाखवतात!

उणे आकडा दिसला की पळ काढणं

उलटी चूकही होते. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत निघालं. मार्च 2017 मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा 131 दुकानं होती, मार्च 2024 ला 365. ही कंपनी जागा शक्यतो विकत घेते किंवा लांब मुदतीनं घेते, आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घेते. साहजिकच धंद्यातून आलेला पैसा जमीन आणि इमारतींत जातो, मुक्त रोख, म्हणजे अशी खरेदी भागवून उरणारा पैसा, फारशी उरत नाही. नुसत्या चाळणीनं कंपन्या गाळणारा माणूस तिला कधीच बाद करून बसला असता. रोख येण्यांत अडकून उणे झालीय की दुकानांच्या भिंतींत गेलीय, ते कॅश फ्लोच्या दुसऱ्या भागात, स्थावर मालमत्तेच्या खरेदीच्या ओळीत कळतं.