कार्बोक्झिलिक आम्ले पाठ करू नका, काढून बघा

दहावीच्या कार्बनी संयुगांच्या धड्यात नावे, सूत्रे आणि अभिक्रिया एकदम अंगावर येतात. कार्बोक्झिलिक आम्लांचे मात्र जवळजवळ सगळे एका क्रियात्मक गटातून, म्हणजे संयुगाचे गुणधर्म ठरवणाऱ्या अणूंच्या गटातून, निघते.

आधी कागदावर कार्बन लिहा. त्याला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडा, एकेरी बंधाने ओएच. चौथा बंध उरतो, तिथे बाकीची साखळी येते. हा सीओओएच गट. नुसते सूत्र घोकले की दुहेरी बंध हमखास विसरतो, म्हणून दर वेळी चारही बंध काढा.

मग नाव. कार्बन मोजताना या गटातला कार्बन धरायचाच, आणि पहिला क्रमांक त्यालाच. गुण जातात ते इथे. एक कार्बन असेल तर मिथेनॉइक, दोन इथेनॉइक, तीन प्रोपेनॉइक, चार ब्युटेनॉइक. जुनी नावे वस्तूंवरून लक्षात राहतात: फॉर्मिक मुंग्यांत, असेटिक व्हिनेगरमध्ये, ब्युटिरिक खवट लोण्यात.

आता खरा प्रश्न. ओएच तर इथेनॉलमध्येही आहे, मग ते आम्लासारखे का वागत नाही? इथे घाई करू नका. सीओओएचमधून हायड्रोजन आयन निघून गेला की मागे राहिलेला ऋणप्रभार दोन्ही ऑक्सिजनांत सारखा वाटला जातो आणि तो आयन स्थिर होतो. इथेनॉलमध्ये सगळा भार एकाच ऑक्सिजनवर पडतो. तरीही इथेनॉइक आम्ल सौम्यच, कारण पाण्यात त्याच्या थोड्याच रेणूंचे विचरण होते, म्हणजे थोडेच रेणू आयनांत फुटतात.

हे घरीच पडताळता येते. व्हिनेगरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फसफसून बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. प्रयोगशाळेत तो चुन्याच्या निवळीतून सोडला की निवळी दुधाळ होते. इथेनॉलमध्ये सोडा टाकला तर फसफस नाही. दोन परीक्षानळ्यांतले द्रव ओळखायला सांगितले तर हीच चाचणी लिहा. सोडिअम धातूची लिहू नका, त्याने दोन्हींतून हायड्रोजनच निघतो.

शेवटी इस्टर. आम्ल आणि अल्कोहोल शेजारी शेजारी काढा. आम्लातल्या ओएचभोवती आणि अल्कोहोलच्या ओएचमधल्या फक्त हायड्रोजनभोवती गोल करा. दोन्ही मिळून पाणी बाहेर पडते. उरलेले तुकडे जोडले की इस्टर. संहत सल्फ्युरिक आम्ल इथे उत्प्रेरक असते. इथेनॉइक आम्ल व इथेनॉल यांच्यापासून गोड वासाचे इथिल इथेनोएट मिळते. आता आम्ल मिथेनॉइक घेऊन पुस्तक न उघडता काढा. उत्तर इथिल मिथेनोएट यायला हवे.